विदूषकाची बोली, निवेदकाची गादी

1963 साली लंडनहून ‘पकून’ नावाची एक लहानशी विनोदी कादंबरी बाहेर आली. पकून हे आयर्लंडमधलं कल्पित खेडं. देशाचे दोन तुकडे झालेत आणि 1924 साली सीमा आखायला आयोग बसलाय. आयोगातल्या मंडळींना घाई आहे. नकाशावरची रेघ गावाच्या मधून गेली तरी त्याचं कुणाला सोयरसुतक नाही. चर्च एका देशात राहतं, त्याचं कब्रस्तान दुसऱ्या देशात जातं. मयताला पुरायला न्यायचं तर मयताचा पासपोर्ट लागणार, पासपोर्टला फोटो लागणार. गावातल्या दारूच्या दुकानाचा एक कोपरा तेवढा रेघेपलीकडे गेलाय आणि पलीकडे दारू स्वस्त आहे. म्हणून सगळं दुकान ओस आणि अख्खं गाव त्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर उभं. या सगळ्यात डॅन मिलिगन नावाचा एक आळशी गृहस्थ आहे. आपले पाय इतके काटकुळे का, म्हणून तो थेट लेखकालाच जाब विचारतो.

लेखक स्पाइक मिलिगन. बीबीसी रेडिओवर 1951 ते 1960 या काळात ‘द गून शो’ नावाचा जो धुमाकूळ चालला, त्याचा मुख्य लेखक आणि त्यातला एक नट. पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम हे त्याचे साथीदार. मिलिगनचा जन्म 16 एप्रिल 1918 चा, अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. वडील आयरिश, ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी लष्करात नोकरीला. पोराचं बालपण पुणे आणि रंगूनच्या छावण्यांत गेलं आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंब इंग्लंडला गेलं. पुढे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनने नागरिकत्वाचे नियम बदलले, राणीशी निष्ठेची शपथ घ्यायची वेळ आली. मिलिगनने शपथ घेतली नाही, आयरिश नागरिकत्व घेतलं. नगरला जन्मलेला, पुण्यात शाळेला गेलेला हा माणूस अशा रीतीने आयरिश विनोदवीर आणि विनोदी कादंबरीकार म्हणून नोंदला गेला.

त्याची ओळख करून देणं हा या लेखाचा हेतू नाही. प्रश्न गोंदिया जिल्ह्याचा आहे. पकूनसारखी गावं आमच्याकडे खरीच आहेत आणि मिलिगनसारखे रात्र रात्र लोकांना लोळवणारे नटही आहेत. मग या मुलखातून विनोदी कादंबरी का येत नाही? नट कादंबरीकार का होत नाही?

आधी मुलखाबद्दल. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. उत्तरेला बालाघाट, म्हणजे मध्य प्रदेश; पूर्वेला छत्तीसगड; दक्षिणेला गडचिरोली. 1956 च्या आधी भंडारा आणि बालाघाट एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 ला इकडचा माणूस मुंबई राज्यात गेला, त्याचा पलीकडचा सोयरा भोपाळच्या राज्यात. लग्नं तीच, बाजार तोच, धानही तेच. फक्त धानाचा भाव बदलला. छत्तीसगडने 2023 च्या अखेरीस धानाला क्विंटलमागे 3100 रुपये देऊ केले, तेव्हा केंद्राचा साधारण धानाचा हमीभाव 2183 रुपये होता. इकडे बोनस हेक्टरी, तिकडे भाव क्विंटली. त्यामुळे हंगामात छत्तीसगडच्या सीमेवर धान तपासायला नाके उभे राहतात. लोंबीवर राज्याचं नाव लिहिलेलं नसतं, पोत्यावरही नसतं, तरी पोतं कोणत्या राज्यात उगवलं हे शिपायाने ठरवायचं असतं.

दक्षिणेला गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, गोंदियात नाही. अर्जुनी मोरगावच्या बाजूला जिल्ह्याची हद्द ओलांडली की कायदा बदलतो. पकूनच्या दारूच्या दुकानातला तो कोपरा इथे जिल्हाभर पसरलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातली काही गावं तर महाराष्ट्र आणि तेलंगण अशी दोन्हीकडची. तिथल्या महाराजगुड्यातलं एक घर 2022 च्या डिसेंबरात देशभरच्या बातम्यांत झळकलं: स्वयंपाकघर तेलंगणात, झोपायची खोली महाराष्ट्रात, घरपट्टी दोन्हीकडे. मिलिगनला हे कल्पनेने रचावं लागलं. आमच्याकडे ते तलाठ्याच्या दप्तरात आहे.

आता नट. दिवाळीची भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. दिवसा दंडारीचं लोकनाट्य, बाजार, कुठे शंकरपटाची बैलशर्यत; रात्री नाटक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या पट्ट्यात होळीपर्यंत हा हंगाम चालतो. नाटक कंपन्यांची राजधानी वडसा, म्हणजे देसाईगंज. ते गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावरच आहे, त्यामुळे अर्जुनीच्या माणसाला नागपूरपेक्षा वडसा जवळचं. या रंगभूमीवर विनोदी नटाला केवढा मान आहे हे बाहेरच्यांना 2023 साली कळलं. त्या वर्षी परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग त्यांच्या नावावर सांगितले जातात आणि लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात.

अशा प्रयोगात विनोदी नट नेमकं काय करतो ते जवळून पाहिलं पाहिजे. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप पडलेला असतो. पुढे खुर्च्या, मागे जमीन. बाया पोरांना घेऊन, चादरी पांघरून बसलेल्या. ऑर्गन वाजतो, नांदी होते. नायक येतो आणि आईच्या उपकारांवर लांबलचक भाषण करतो. भाषण प्रमाण मराठीत, जड, टाळ्यांच्या जागा आधीच हेरलेल्या. तालमी थोड्या झालेल्या असतात, म्हणून विंगेतला प्रॉम्प्टर ओळ पुरवत असतो आणि पुढच्या रांगेला ती नायकाच्या आधी ऐकू येते. मग विनोदी जोडीची एन्ट्री. ‘पाणी’चं ‘पानी’ आणि ‘डोळा’चा ‘डोरा’ झाला की मागची रांग उठून बसते. इथून पुढे प्रॉम्प्टरला काम नाही. नट धान खरेदी केंद्रावरच्या काट्याबद्दल बोलतो, गेल्या निवडणुकीत कोण कुणाच्या गाडीत बसलं ते बोलतो, मंडपाच्या वर्गणीबद्दल बोलतो. संहितेत यातलं काही नसतं. नाटकवाले याला ॲडिशन म्हणतात. गाव बदललं की ॲडिशन बदलते. पहाटे पडदा पडतो, गाडी पुढच्या गावाला निघते आणि रात्रीचं सगळं लिखाण बांधीतच राहतं.

‘लिखाण’ मी जाणूनबुजून म्हणतो. हा नट रोज रात्री पात्र घडवतो, प्रसंग रचतो, गावाचं निरीक्षण करून त्याला आकार देतो. नाटककाराने लिहून दिलेला त्याचा वाटा लहान, स्वतः रचलेला मोठा. म्हणजे तो लेखक आहेच. तो कागदावर येत नाही एवढंच. का येत नाही, याची सोपी उत्तरं आपल्याकडे तयार असतात: शिक्षण नाही, वाचन नाही, लिहिण्याचा पिंड नाही. ही उत्तरं मला पटत नाहीत. मिलिगन काही विद्यापीठात शिकून आला नव्हता. तो ट्रम्पेट आणि गिटार वाजवणारा पोरगा होता, महायुद्धात तोफखान्यातला सैनिक, 1944 साली इटलीत मोन्ते कासिनोजवळ जखमी झालेला आणि त्या धक्क्यातून पुरता कधीच न सावरलेला. त्याला लेखक केलं ते एका साध्या व्यवस्थेने. बीबीसीला दर आठवड्याला टंकलिखित संहिता हवी असायची आणि तिचे पैसे मिळायचे. विनोद आधी कागदावर, मग कानावर. नऊ वर्षं आठवड्यामागून आठवडा लिहिल्यावर माणसाला लिहायची सवय लागते. कधी कधी तिने जीवही पिळला जातो: 1952 च्या अखेरीस मिलिगन कोसळला, त्याला रुग्णालयात दाखल करावं लागलं. ‘पकून’ला त्याने 1958 साली हात घातला आणि पुस्तक यायला 1963 उजाडलं. तासाभरात तीनशे लोकांना हसवू शकणाऱ्याला दीडशे पानांना चार-पाच वर्षं लागली.

आमच्या नटाला कुणी कागद मागितलेला नाही. कंपनीला त्याची तारीख हवी, मंडळाला त्याचं नाव पोस्टरवर हवं, प्रेक्षकाला त्याची एन्ट्री हवी. त्याने काय म्हटलं ते कुणालाच लिहून नको आहे. ही झाली पहिली अडचण. ती पैशाची आणि कामाच्या रीतीची आहे. दुसरी जास्त खोल आहे.

झाडीपट्टीच्या बहुतेक नाटकांत एक अलिखित नियम असतो. नायक, नायिका, खलनायक, न्यायाधीश आणि मरणारी आई प्रमाण मराठीत बोलतात. झाडीबोली विनोदी नोकराच्या, खेडवळ जोडीच्या, म्हाताऱ्याच्या तोंडी. समोर बसलेले सगळे प्रेक्षक घरी झाडी बोलतात, मळणी करताना झाडी बोलतात, भांडताना झाडी बोलतात. पण रंगमंचावर रडायचं असेल तर पुण्याच्या मराठीत रडावं लागतं. आपल्या बोलीने फक्त हसवायचं असतं.

ही व्यवस्था आजची नाही. संस्कृत नाटकात नायक संस्कृत बोलायचा आणि त्याचा मित्र विदूषक, जातीने ब्राह्मण असूनही, प्राकृत बोलायचा. ‘शाकुंतला’तला माढव्य घ्या, ‘मृच्छकटिका’तला मैत्रेय घ्या. त्याला बुद्धी नायकापेक्षा कमी नसते, पण भाषेची पायरी खालची. आणि याच परंपरेतला सर्वांत गंभीर नाटककार आमच्या जिल्ह्याचा मानला जातो. भवभूतीने आपलं गाव पद्मपूर म्हणून सांगितलं आहे. वा. वि. मिराशींनी ते आमगावजवळचं पदमपूर असल्याचं मांडलं आणि आमगावच्या महाविद्यालयाला आज त्याचं नाव आहे. आठव्या शतकातल्या या कवीच्या तीनही नाटकांत विदूषक नाही. करुणरसाला हसणारा माणूस आड येतो, असं बहुधा त्याला वाटलं असावं. त्याच्या प्रतिभेपुढे मान तुकवूनही मी म्हणेन की हा निर्णय आपल्या साहित्याने फार मनावर घेतला. गंभीर ते थोर आणि हसरं ते हलकं, ही पायरी तेव्हापासून घट्ट झाली. विदूषकाला एक तर बाहेर ठेवायचं, नाही तर आत घेऊन खालच्या भाषेत बोलायला लावायचं. गोष्ट सांगायची जबाबदारी त्याला द्यायची हा तिसरा मार्ग कुणाला सुचला नाही.

मिलिगनच्या लहानपणची एक आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. पुण्याच्या कॉन्व्हेंट शाळेत नाताळच्या नाटकात त्याला विदूषकाचं काम मिळालं होतं. शेवटच्या दृश्यात बाळ येशूभोवती सगळी पात्रं जमायची, विदूषकाने मात्र जायचं नाही, असं त्याला बजावलेलं. हा पठ्ठ्या तरी घुसलाच. विदूषकालाही तिथे उभं राहायचा हक्क आहे असं त्याला वाटलं. पुढे ‘पकून’मध्ये त्याने केलं ते हेच. इंग्रजी रंगभूमीवर दोन-तीनशे वर्षं आयरिश माणूस हा विनोदाचा ठरलेला मासला होता: दारुडा, बडबड्या, उच्चार वाकडे, अक्कल बेताची. मिलिगनने ते सोंग उचललं आणि त्याच्या तोंडी विनोदी प्रवेश न देता सबंध कादंबरी दिली. सीमा आखणारे साहेब तिथे मूर्ख ठरतात आणि काटकुळ्या पायांचा आळशी डॅन लेखकाला प्रश्न विचारतो. हसण्याचा विषय असलेला माणूस हसण्याचा कर्ता झाला. विनोदी नटाने कादंबरीकार होण्यात खरी उलथापालथ असते ती ही. नाटकातून पुस्तकात जाणं ही त्यातली किरकोळ बाब.

मराठीत हे अगदीच घडलं नाही असं नाही. पण एका विशिष्ट ठिकाणी येऊन ते थांबतं. दादा कोंडके घ्या. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे वसंत सबनिसांचं वगनाट्य कोंडके रोज नव्याने रचत. ताज्या राजकारणावरच्या त्यांच्या ॲडिशन ऐकायला लोक पुन्हा पुन्हा येत. छापील नाटक सबनिसांचं उरलं, कोंडक्यांनी घातलेली भर हवेत गेली. त्यांच्या नावावर पुस्तक आहे ते आत्मचरित्र, ‘एकटा जीव’, आणि तेही शब्दांकित: सांगितलं त्यांनी, लिहिलं अनिता पाध्ये यांनी. राम नगरकर घ्या. सेवादलाच्या कलापथकातून आलेला हा अस्सल विनोदी नट. ‘रामनगरी’त त्यांनी न्हाव्याच्या घरातलं आयुष्य असं मांडलं की हसता हसता वाचणाऱ्याला आपल्या जातीची लाज वाटावी. पुस्तक गाजलं, त्याचे एकपात्री प्रयोग गाजले. पण तेही आत्मकथनच.

दोघांच्याही ताकदीबद्दल शंका नाही. शंका आहे ती आपल्या परवानगीबद्दल. खालच्या पायरीवरच्या माणसाला, बोलीत बोलणाऱ्याला, विनोदी नटाला मराठी वाचक म्हणतो, “तुझी कहाणी सांग.” साक्ष द्यायला त्याला बोलावलं जातं. पण दुसऱ्यांच्या आयुष्यांची कहाणी रचण्याचा, मास्तर, मामलेदार आणि मालगुजार यांच्या मनात शिरून त्यांची थट्टा करण्याचा, एक सबंध गाव कल्पून त्याचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार आपण त्याच्याकडे जाऊ देत नाही. आत्मकथनात तो स्वतःवर हसतो, त्यात आपल्याला धोका नसतो. कादंबरीत तो आपल्यावर हसेल.

विदर्भात एका लेखकाने हा अधिकार न मागता घेतला होता. खामगावचे पुरुषोत्तम बोरकर नट नव्हते. पण त्यांची ‘मेड इन इंडिया’ ही 1980 च्या दशकातली कादंबरी या प्रश्नाचं उत्तर पुरवते. पंजाबराव गरसोळीकर पाटील हा तिचा नायक, आणि अख्खी गोष्ट तोच वऱ्हाडीत सांगतो. तोवर वऱ्हाडी ही मराठी पुस्तकांत बहुतेक संवादापुरती येई: निवेदक शहाण्या मराठीत लिहिणार आणि पात्रं अवतरणचिन्हांत वऱ्हाडी बोलणार. बोरकरांनी अवतरणचिन्हं काढून टाकली. बोली निवेदकाच्या गादीवर बसली आणि त्याबरोबर शिकलेल्या बेकारांपासून गावच्या राजकारणापर्यंत सगळं तिच्या नजरेखाली आलं. वऱ्हाडीला जमलं ते झाडीला जमणार नाही असं मानायला काही कारण नाही. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा आणि दंडारीचा आयुष्यभर अभ्यास केला, झाडीबोलीची साहित्य संमेलनं उभी राहिली, कविता आल्या, कथा आल्या. कोश आणि व्याकरण ही पायाभरणी झाली आहे. त्यावर मोठी हसरी इमारत अजून उभी राहायची आहे.

यावर एक वजनदार हरकत येईल, ती टाळून चालणार नाही. पु. ल. देशपांडे मिलिगनपेक्षा दीड वर्षाने लहान, दोघेही लेखक आणि नट, दोघेही गाण्यावर जीव टाकणारे. पुलंनी विनोदी कादंबरी लिहिली नाही. ‘काय वाट्टेल ते होईल’ आणि ‘एका कोळियाने’ ही भाषांतरं आहेत. मराठीचं काय अडलं? ‘बटाट्याची चाळ’ आधी पुस्तक झालं, मग 1961 पासून पुलंनी ते एकट्याने रंगमंचावर उभं केलं. म्हणजे प्रवास उलटा, कागदाकडून रंगमंचाकडे, आणि त्यात कुणाचं नुकसान झालं नाही. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाने गावोगावच्या सभागृहांना हसवलं. चिं. वि. जोशींचा चिमणराव कथांमधूनच अमर झाला. मग कादंबरीचा हट्ट कशाला? तोंडी कलेला कमी लेखून पुस्तकाला वरचं आसन देणं हीसुद्धा एक पायरीच नव्हे का?

हरकत अर्धी खरी आहे. मंडपातला प्रयोग स्वयंपूर्ण आहे, पुस्तक झालं नाही म्हणून तो कमी ठरत नाही. पण पुलंचं उदाहरण वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखवतं. मराठी विनोद लहान तुकड्यांत वाढला, कारण त्याला मिळालेली घरं लहान होती: दिवाळी अंकातली दहा पानं, रेडिओवरची वीस मिनिटं, कथाकथनाचा अर्धा तास, वर्तमानपत्राचा स्तंभ. लेखक घर बघून लिहितो. स्तंभ वर्षभर चालला तर काय होतं ते दिलीप प्रभावळकरांनी दाखवलं. रंगमंच आणि पडद्यावर चिमणरावापासून अनेक भूमिका केलेल्या या नटाने ‘अनुदिनी’ हे सदर एका म्हाताऱ्याच्या रोजनिशीसारखं लिहिलं. त्यातून एक कुटुंब उभं राहिलं आणि 2001 साली तेच ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ होऊन दूरचित्रवाणीवर आलं. आठवड्यामागून आठवडा लिहीत गेल्यावर विनोदातून पात्रं वाढतात, त्यांना वय येतं, त्यांच्यात कडवटपणा येतो. हसण्यापासून कादंबरीपर्यंतची वाट तिथूनच जाते.

आणि त्या वाटेवर नटाला एक जबर किंमत मोजावी लागते, तीही सांगितली पाहिजे. मंडपात हशा आला नाही तर विनोदी नट तत्क्षणी मोहरा बदलतो, दुसरी ॲडिशन घेतो. कागदावर हशा कुणाचाच ऐकू येत नाही. पानभर लिहून झालं तरी ते हसवणारं आहे की नाही हे कळायला वर्ष जातं. शिवाय दोनशे पानं नुसत्या हशावर उभी राहत नाहीत. हशाखाली जे दडलं आहे ते वर काढावं लागतं. आर्डल ओ’हॅनलन हा आयरिश विनोदी नट जगाला ‘फादर टेड’ मालिकेतला भोळसट पाद्री म्हणून माहीत आहे. 1998 साली त्याची पहिली कादंबरी आली तेव्हा तिच्यातला लहान गावातला तरुण वाचकांना चांगलाच काळाकुट्ट वाटला. मिलिगनच्या युद्धाच्या आठवणींचे खंड वाचतानाही हसता हसता मध्येच थांबावं लागतं, कारण शेजारचा सैनिक त्या पानावर मेलेला असतो. नटाला रंगमंचावर हे करता येत नाही. वर्गणी देऊन आलेल्या प्रेक्षकाचा तो करार नसतो. आमच्या नटाच्या ॲडिशनखाली काय दडलंय, याचा अंदाज प्रत्येक धान उत्पादकाला आहे: पावसावर हवाला, काट्यावरची कटती, खरेदी केंद्रावर ताटकळणं, मुंबईहून आलेल्या नायिकेला मिळणारं मानधन आणि आपलं मानधन. प्रेक्षकांना तो यातलं चिमूटभर देतो. उरलेलं कुठे तरी सांगायला लागणार.

कुणी म्हणेल, आता यूट्यूब आहे, नट तिकडे गेलाय. गेलाय खरा. झाडीपट्टीच्या विनोदी प्रवेशांचे तुकडे मोबाइलवर फिरतात, लाखो लोक पाहतात. पण तिथेही विनोदी नट मूळ नाटकातून कापून काढलेला असतो, पाच मिनिटांपुरता. वरची पायरी मोडायची तर तुकडा पुरत नाही. सबंध गोष्टच त्याच्या हाती द्यावी लागते.

मग करायचं काय? भाषणं पुरे झाली, संमेलनंही झाली. साध्या तीन गोष्टी करता येतील. पहिली, ॲडिशन टिपून घ्या. 2011 साली स्थापन झालेलं गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत आहे, गोंदियाची महाविद्यालयं नागपूर विद्यापीठाला जोडलेली आहेत. मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी दरवर्षी विषय हवेच असतात. एका विनोदी नटाबरोबर एक हंगाम फिरून, गावागणिक बदललेल्या त्याच्या जागा शब्दशः लिहून काढल्या तर नटाला पहिल्यांदाच आपलं लिखाण कागदावर दिसेल. दुसरी गोष्ट, विदर्भातल्या वर्तमानपत्रांनी झाडीपट्टीच्या नटाला आठवड्याचं सदर द्यावं, झाडीत, अवतरणचिन्हांशिवाय, आणि त्याचे पैसे द्यावेत. सदर प्रमाण मराठीत ‘दुरुस्त’ करायची खोड संपादकाने आवरावी. तिसरी, होळी ते दिवाळी नट मोकळा असतो, म्हणजे शेतात असतो. रोवणी आटोपल्यावरचे दोन-तीन महिने त्याला लिहायला मिळावेत इतकी वृत्ती देणं सरकारला किंवा एखाद्या साहित्यसंस्थेला जड नाही. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजाततेचा निधी ताम्रपटांपुरता ठेवला तर भवभूतीचीच चूक आपण नव्याने करू.

एवढं करूनही कादंबरी येईलच याची हमी नाही. येईल तेव्हा ती गोड नसेल हे मात्र नक्की. तिच्यात सीमेवरच्या बाघ नदीच्या दोन्ही काठांचे दलाल असतील, मराठी, झाडी, पोवारी, गोंडी, छत्तीसगडी आणि बाजारातली हिंदी एकाच वाक्यात भांडतील, नाटक कंपनीचा मालक असेल, खरेदी केंद्राचा ग्रेडर असेल आणि साहित्य संमेलनाचे स्वागताध्यक्षही असतील. गावात कुणी म्हणेल बदनामी केली, नागपुरात कुणी म्हणेल भाषा अशुद्ध, पुण्यात कुणी म्हणेल विनोद आहे, साहित्य नव्हे. या तक्रारी एकदम आल्या तर समजावं की गोष्ट योग्य माणसाच्या हाती पडली.

विनोदी नटाला आपण आजवर टाळी दिली, बिरुद दिलं, पद्मश्रीही दिली. कथेची मालकी तेवढी दिलेली नाही. ती कुणी देत नसतं, लिहून घ्यावी लागते. पण लिहायला तीन महिने, छापायला एक प्रकाशक आणि वाचताना वरच्या पायरीवरून खाली उतरण्याची तयारी, एवढं तरी आपल्याकडून त्याला येणं आहे, आणि ते बरेच दिवस थकलेलं आहे.